घंटा नुसत्या अडकवत नाहीत हो
स्पेनच्या नवारा भागातल्या इतुरेन नि सुबिएता या दोन शेजारच्या गावांच्या कार्निव्हलमध्ये 'तरुण कमरेला घंटा अडकवून नाचत सुटतात' हे त्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. नाचत सुटायला ते काय वरातीत आलेत का! मी तिथे बघितलंय, आधी मेंढीचं कातडं आणि मग त्या दोन भल्यामोठ्या घंटा पाठीमागे दोरीने अशा करकचून आवळतात की एकट्याला जमतच नाही, दुसरा माणूस लागतोच, कारण जरा सैल राहिल्या की ताल गेला, आणि सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं.

आणि मेन गोष्ट तर लेखात राहिलीच, जानेवारीच्या शेवटच्या रविवारनंतर सोमवारी सुबिएताचे लोक इतुरेनला येतात नि मंगळवारी इतुरेनवाले तिकडे जातात. दोन गावांचं येणंजाणंच वगळलं तर मग उरलं काय, फोटोच ना?