इंग्लंडची साक्ष काढण्याआधी

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ ला मागे घेतले गेले. त्या वादात फेकलं गेलेलं एक वाक्य मात्र अजून फिरतंय. 'इंग्रजांकडे बघा. एक देश, एक भाषा. म्हणून ते पुढे गेले.' हिंदीवाले ते देशासाठी वापरतात, मराठीवाले राज्यासाठी, आणि शुद्धीवाले पुढे जोडतात की परके शब्द उपटून काढले की मराठीलाही तसंच बळ येईल. तिघांचा साक्षीदार एकच. त्याचं दप्तर उघडायची तसदी कोणी घेत नाही, याचा मला राग येतो. मी राहतो त्या इंग्लंडमध्ये तर ते दप्तर जागोजागी उघडंच आहे.

लंडनच्या बरो मार्केटमधून बाहेर पडलं की सदर्क कथीड्रल. आत जॉन गॉवर या कवीची समाधी आहे. तो १४०८ मध्ये गेला. आडव्या मूर्तीच्या डोक्याखाली उशीच्या जागी तीन जाड ग्रंथ आहेत आणि तिन्ही त्याचे स्वतःचे: पहिला फ्रेंच, दुसरा लॅटिन, तिसरा इंग्रजी. फ्रेंच ग्रंथ जवळजवळ ३०,००० ओळींचा, इंग्रजी त्याहून मोठा. त्या इंग्रजी काव्याच्या समासातल्या टिपा पुन्हा लॅटिनमध्ये. गॉवर हा कवी चॉसरचा मित्र. त्या काळच्या शिकलेल्या माणसाचं डोकं असंच तीन भाषांवर टेकलेलं असायचं.

आणखी मागे जा. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्याला शंभर वर्षं होत आली असताना कँटरबरीच्या मठात स्तोत्रांची एक प्रत तयार झाली. ती आज केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. एकाच स्तोत्राचे तीन लॅटिन पाठ शेजारी शेजारी. मुख्य पाठ मोठ्या अक्षरात. दुसऱ्याच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात जुनी इंग्रजी, तिसऱ्याच्या ओळींमध्ये फ्रेंच. हरलेल्यांची आणि जिंकणाऱ्यांची भाषा एकाच पानावर, दोघी सारख्याच आकाराच्या, दोघी लॅटिनच्या आधाराला. फ्रेंचांचं आद्य वीरकाव्य म्हणून ज्या रोलांच्या गाण्याचा अभिमान धरतात, त्याची सर्वांत जुनी प्रतसुद्धा ऑक्सफर्डमध्ये आहे आणि ती इंग्लंडमधल्या फ्रेंचमध्ये लिहिलेली आहे.

म्हणजे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. कामं वाटलेली होती आणि वाटणी अन्यायाची होती. १०८६ ची जमीनमोजणी लॅटिनमध्ये, वाड्यावरचं आणि न्यायालयातलं बोलणं फ्रेंचमध्ये, नांगर आणि चूल इंग्रजीत. पश्चिमेला वेल्श आणि कॉर्निश. १२९० मध्ये हाकलून दिले जाईपर्यंत ज्यूंच्या कर्जव्यवहारातले कागद हिब्रूतही. १३०० च्या सुमारास ग्लॉस्टरच्या रॉबर्टने आपल्या बखरीत लिहून ठेवलंय की फ्रेंच न येणाऱ्याला लोक मोजत नाहीत, साधी माणसं मात्र इंग्रजीला धरून आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यातला पालक हेच वाक्य इंग्रजीबद्दल बोलतो.

सगळ्यांनी वाचावा असा दाखला शाळेचा आहे. रॅनल्फ हिग्डन या साधूने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तक्रार केली की इतर सर्व देशांच्या रिवाजाविरुद्ध इथल्या मुलांना स्वतःची भाषा सोडून फ्रेंचमधून धडे समजावून घ्यावे लागतात. बड्या घरची मुलं पाळण्यापासून फ्रेंच शिकतात आणि खेड्यातली माणसं त्यांच्यासारखं दिसावं म्हणून धडपडून फ्रेंच बोलतात. १३८७ मध्ये जॉन ट्रेव्हिसाने हिग्डनच्या या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर पुरं केलं आणि इथे मध्येच स्वतःची भर घातली. पहिल्या महामारीनंतर हे बदललं, असं तो सांगतो. जॉन कॉर्नवॉल नावाच्या व्याकरणाच्या मास्तराने लॅटिन वाक्यांची फोड इंग्रजीतून करून द्यायला सुरुवात केली. रिचर्ड पेनक्रिचने ती त्याच्याकडून उचलली, पुढे इतरांनी पेनक्रिचकडून. १३८५ पर्यंत सगळ्या व्याकरणशाळांतून फ्रेंच गेलं होतं.

बदलला होता तो फक्त मधला दुवा. शिकायचं लॅटिनच होतं, समजावण्याची भाषा मुलाच्या तोंडची झाली. ट्रेव्हिसा फायदा आणि तोटा दोन्ही मांडतो. फायदा: मुलं पूर्वीपेक्षा कमी वेळात व्याकरण शिकतात. तोटा: त्यांच्या डाव्या टाचेला जितकं फ्रेंच कळतं तितकंच त्यांना कळतं, आणि समुद्रापलीकडे गेल्यावर त्यांचे हाल होतात. मला या माणसाबद्दल आदर वाटतो, कारण तो तोटा लपवत नाही. समजावण्याची भाषा घरचीच हवी, पण दुसरी भाषा म्हणजे वेगळं कष्टाचं काम आहे, त्याला वेगळे तास आणि वेगळा मास्तर लागतो. आपल्याकडच्या वादात माध्यम आणि विषय यांची सरमिसळ करून दोन्ही बाजू घसा फोडतात.

कायद्याची गोष्टही अशीच. १३६२ मध्ये संसदेने ठरवलं की खटले इंग्रजीत बोलून चालवावेत, कारण आपला वकील आपल्या बाजूने काय बोलतोय हेच पक्षकारांना फ्रेंचमुळे कळत नाही. हा कायदा लिहिलाय फ्रेंचमध्ये, आणि नोंद लॅटिनमध्ये ठेवावी असं त्यातच म्हटलंय. वकिलांनी आपल्या टिपणांतलं फ्रेंच त्यानंतर तीनेक शतकं सोडलं नाही. दप्तरातलं लॅटिन कायमचं जायला १७३३ उजाडलं. लंडनच्या बीअर गाळणाऱ्यांच्या संघाने १४२२ मध्ये हिशेब-ठराव इंग्रजीत लिहायचं ठरवलं. कारण नोंदवलंय की राजा पाचवा हेन्री आपली पत्रं या भाषेत लिहू लागला आहे आणि आमच्यातल्या अनेकांना इंग्रजी लिहिता-वाचता येतं, लॅटिन आणि फ्रेंच येत नाही. हा ठराव लॅटिनमध्ये आहे. मला यात विसंगती दिसत नाही. ज्या भाषेत काम चालू आहे तिच्यातूनच दुसरीकडे वळावं लागतं. इंग्रजी वर आली ती हिशेबाच्या वहीतून, पत्रातून, वकिलाच्या तोंडातून.

आणि शुद्धी? इथल्या मृत्युपत्रावर आजही 'विल अँड टेस्टमेंट' लिहितात. पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिनचा. 'गुड्स अँड चॅटल्स'मध्ये देशी शब्दाला फ्रेंच जोडलेला. एकाला कळला नाही तर दुसऱ्याला कळावा, आणि कायद्यात फट राहू नये. मराठीने हेच केलं: कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट. एक पाय फारसी-अरबीतला, एक घरचा. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून झालेल्या, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाचं मोल मोठंच, कारभाराची भाषा आपली असावी ही त्यामागची दृष्टीही मोठी. अमात्य, सचिव त्या काळात पुढे आले. पण अर्ज, वकील, जमीन, हक्क राहिलेच, आणि ते मराठी म्हणूनच राहिले. मराठीला रत्नांतल्या हिऱ्याची उपमा देणारी ओवी लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधल्या विल्टशरचा. १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठीत पुराण रचलं, कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं.

'तिकडे बसून सांगणं सोपं' हे उत्तर येणार, मला माहीत आहे. इथे बसल्यामुळे एक गोष्ट जवळून दिसते, ती सांगतो. तेराव्या शतकाच्या मध्यावर वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ या सरदाराने एका उमराव बाईसाठी, तिला मुलांना शिकवता यावं म्हणून, फ्रेंच शब्दांचं पद्यात पुस्तक लिहिलं. 'ला लेव्हर' म्हणजे ओठ, 'ल लेव्हर' म्हणजे ससा, 'ला लिव्हर' पौंड, 'ल लिव्हर' पुस्तक. हस्तलिखितांत वरती बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ: लिप, हेअर, पाउंड, बुक. पुढे नांगराचे आणि गाडीचे भाग, जवसाच्या ताटापासून कापडापर्यंतच्या पायऱ्या, बीअर गाळायची आणि पाव भाजायची कामं, कुठला प्राणी कसा ओरडतो. आपल्याकडे गाय हंबरते, घोडा खिंकाळतो असं घोकून घेतात तसंच. फ्रेंच ही त्या घराण्यांची प्रतिष्ठेची भाषा होती, बैठकीत बोलण्यापुरती यायचीही. पण शेताचे, अवजारांचे शब्द कोणाला येत नव्हते, आणि लिंग चुकत होतं.

इथे वाढणारी मराठी मुलं 'तो खुर्ची' म्हणतात. गणपतीच्या मंडळात मराठी चालते, ताटावर चालते, भांडताना चालते. पाभर, तिफण, कोळपं हे शब्द मुलांना येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मलाही ते वापरून वर्षं झाली. पत्र मी इंग्रजीत लिहितो, हिशेब इंग्रजीत करतो, डॉक्टरला कुठे दुखतंय ते इंग्रजीत सांगतो. महाराष्ट्रात मराठीला ही सगळी कामं अजून आहेत. माझ्या मराठीवर मात्र ओळीच्या वर बारीक अक्षरात अर्थ लिहायला सुरुवात झाली आहे.