‘साइड देऊ नका’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘गाडी बघा, माणूस ओळखा’ हा मजकूर सध्या गोव्यातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: थारवाला गुंड. फॉर्च्युनरवाला पुढारी, नाहीतर पुढाऱ्याचा माणूस. मर्सिडीज-बीएमडब्ल्यूवाला पैशाने माजलेला, आणि हे फिनलंडच्या विद्यापीठाने सिद्ध केलंय. वॅगनआर-ऑल्टोत बाई नाहीतर पेन्शनर. स्विफ्टवाला टवाळ. वाटेल तिथे गाडी लावणारे सगळे बाहेरचे, गोंयकार शिस्तीचा. आणि शेवटी ठळक अक्षरांत हुकूम: काळी पाटी, एमएच (महाराष्ट्र) किंवा केए (कर्नाटक) दिसली की साइड देऊ नका, धडा शिकवा.

इकडून तिकडून बऱ्याचदा आला, मी सोडून दिला. मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. टाकला पुतण्याने, त्याला नुकतंच लायसन मिळालंय. त्याच ग्रुपवर आमचे भावोजी आहेत. ताईचं सासर बांद्याला, त्यामुळे भावोजींची गाडी एमएच-०७, म्हणजे सिंधुदुर्गची. ताईच्या सासूबाईंना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आणायचं असतं तेव्हा याच गाडीत मागच्या सीटवर त्यांना आडवं निजवून आणतात. भावोजींनी मजकूर वाचला आणि काहीच बोलले नाहीत. ते गप्प बसणं मला फार लागलं. म्हणून सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो. बाकीचे मुद्दे नुसते मूर्खपणाचे आहेत, हा जिवावर बेतणारा आहे.

एमएच-०७ म्हणजे कोण? सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज गोव्यात नोकरीला येणारी माणसं. कारखान्यांत, हॉटेलांत, दुकानांत तीच तर दिसतात. केए-३० कारवारची, केए-२२ बेळगावची. गोमेकॉच्या आवारात सकाळी उभं राहून पाट्या वाचा. त्यातल्या कितीतरी गाड्यांत पेशंट असतो आणि वर सायरन नसतो. यांना धडा शिकवायचा? कसला?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. आत पर्यटक असेल, किंवा मस्कतहून सुट्टीवर आलेला आपलाच कोणी असेल. उलट आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या खासगी गाड्या बेकायदा भाड्याने पर्यटकांना सर्रास दिल्या जातात, हे काय लपून राहिलंय? म्हणजे जीए पाटीच्या गाडीत दिल्लीचा माणूस आणि काळ्या पाटीच्या गाडीत सासष्टीचा, असंही असू शकतं. पाटीवरून गाडी कुठे नोंदवली ते कळतं. स्टिअरिंगवर कोण बसलंय ते कळत नाही.

आणि ‘साइड देऊ नका’ म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पुतण्याला मी समोर बसवून सांगितलं. बोरीचा पूल घे. मागच्याने ओव्हरटेक सुरू केली, तू चिडून पाय दाबलास, समोरून टिपर आला. आता मागच्याला पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. तुमच्या दोन्ही गाड्यांना पत्रा आहे, एअरबॅग आहेत. टिपरच्या मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला काय आहे? गोव्यात रस्त्यावर मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवरचेच असतात. मागचा पुढे जात असताना वेग वाढवू नये, त्याला अडवू नये, हे वाहन चालवण्याच्या नियमांत लिहिलेलंच आहे. वर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे, धोकादायक चालवण्याचं: सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा मजकूर लिहिणाऱ्याने आपल्या पोरांना गुन्हा करायला सांगितलंय आणि खाली ‘जागृत गोंयकार’ अशी सही ठोकलीय. मला याचा भयंकर राग आहे.

आता फिनलंड. असा अभ्यास खरोखरच आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या यान-एरिक ल्योनक्विस्ट यांचा, २०२० मधला. १,८९२ कारमालकांना त्यांच्या स्वभावाबद्दल आणि गाडीबद्दल प्रश्न विचारले. हेकट, भांडखोर, दुसऱ्याचा विचार न करणारे पुरुष ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजसारख्या मानाच्या गाड्यांकडे जास्त वळतात, असं त्यात दिसलं. फॉरवर्डवाला इथे थांबला. पुढचं वाक्य त्याने वाचलं नाही किंवा मुद्दाम गाळलं. त्याच अभ्यासात असंही निघालं की नेटकी, कष्टाळू, जबाबदारीने वागणारी माणसंही याच गाड्या जास्त घेतात, आणि यात बायका-पुरुष दोघंही आले. हेकटपणाचा संबंध मात्र बायकांमध्ये आढळलाच नाही. म्हणजे समोरच्या मर्सिडीजमध्ये हेकट पुरुष असेल किंवा अत्यंत शिस्तीचं माणूस असेल. बिल्ला बघून ठरवणार कसं? शिवाय ही प्रश्नावली होती. कोण कुठे गाडी लावतो, कोण कट मारतो हे त्यात कोणी रस्त्यावर उभं राहून मोजलेलं नाही.

जे थोडं खरं आहे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल श्रीमंतांची बाजू घेतो. अमेरिकेत लास व्हेगासमध्ये उभं राहून मोजलेला अभ्यास आहे, २०२० चाच. ४६१ गाड्या पाहिल्या, पायी रस्ता ओलांडणाऱ्यासाठी जेमतेम २८ टक्के थांबल्या, आणि गाडी जितकी महाग तितकी ती थांबण्याची शक्यता कमी. पैशाचा माज असतो, हे मान्य. पण त्यातही किंमत मोजलीय, कंपनी नाही. आणि शंभरातल्या बहात्तर थांबल्याच नाहीत, त्या सगळ्या काय बीएमडब्ल्यू होत्या?

बाणस्तारीच्या पुलाचं उदाहरण मजकुरात आहे म्हणून बोलतो. ६ ऑगस्ट २०२३ ला त्या पुलावर मर्सिडीजने तिघांचा जीव घेतला. अख्खा गोवा हळहळला. पण आरोप दारू पिऊन गाडी चालवल्याचा आहे. तिथे ‘मर्सिडीजवाले असलेच’ म्हणून मोकळं होणाऱ्याला दारूचा विषय काढावा लागत नाही. रात्री लग्नातून दोन पेग मारून आपल्या अ‍ॅक्टिव्हावर घरी जाणाऱ्याचाही काढावा लागत नाही.

थारची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणाचे पोलीस महासंचालक पत्रकारांसमोर बोलले की थार आणि बुलेट बदमाश लोक चालवतात, अशा अर्थाचं. त्याच्या क्लिपा देशभर फिरल्या. तिथली गोष्ट इथे आणून आपल्या गावातल्या थारवाल्याला चिकटवली. आमच्या गल्लीत एक थार आहे, तिचा मालक रोज पहाटे ती भिंतीला घासून, आरसे मिटून लावतो. काळी थार आडवी आली की लक्षात राहते. पांढरी वॅगनआर आडवी आली तर विसरतो, कारण तशा रोज दिसतात. देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत सुमारे चाळीस टक्के मारुतीच्या असतात. मग वाटेत आडव्या सापडणाऱ्याही त्याच जास्त असणार. त्यात स्विफ्टवाल्याचा स्वभाव कुठून आला?

बाईबद्दलचं वाक्य मी पुन्हा लिहिणारही नाही. अंतर द्यायचं असतं ते शिकाऊ माणसाला, गाडीवरचा लाल ‘एल’ बघून, बाई बघून नाही.

राहिला शिस्तीचा गोंयकार. फोंड्यात वरच्या बाजारात संध्याकाळी जा. मी पाहिलेलं सांगतो. औषधांच्या दुकानासमोर एक जुनी सँट्रो, जीए-०५, चारही इंडिकेटर लुकलुकत, दुसऱ्या लावलेल्या गाडीच्या बाजूला उभी. मागे कदंबा बस अडकली. तिच्या मागे मासळीचा टेम्पो, त्याच्या मागे शाळेची रिक्षा. कंडक्टर उतरून सँट्रोच्या टपावर थापा मारत होता. पाच-सहा मिनिटांनी मालक आले, हातात उंड्यांची पिशवी, कपाळाला गंध, वयाने सत्तरीचे. म्हणाले, “दोनूच मिणटां रे, इतलें कित्याक?” पुढारी नाही, गुंड नाही, बाहेरचा तर नाहीच. वागायला अत्यंत सभ्य माणूस असावा. इंडिकेटर लावले की रस्ता आपला होतो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात तर प्रत्येकाचीच दोन मिनिटं असतात.

मोठ्या गाडीबद्दल एक गोष्ट खरी, नाइलाजाने कबूल करतो. फॉर्च्युनर पावणेपाच मीटरच्या वर लांब आणि १.८५ मीटर रुंद. ऑल्टो के१० साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. आपल्या वाड्यावरच्या रस्त्यात फॉर्च्युनर चुकीची लावली तर उरलेल्या जागेतून चारचाकी जात नाही, ऑल्टो लावली तर कधीकधी जाते. चूक तीच, त्रास जास्त. पण हा मापाचा प्रश्न आहे, आणि ज्याची गाडी मोठी त्याने लावताना जास्त बघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

नियमात कंपनीचं नाव कुठेही नाही. फुटपाथवर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यावर, वळणावर, पुलावर, दुसऱ्याच्या गेटसमोर, लावलेल्या गाडीच्या बाजूला गाडी लावायची नाही. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालातही ब्रँडचा रकाना नाही, अतिवेगाचा आहे. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत. गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये ट्रॅफिक सेंटिनल योजना काढली, तेव्हाही लोकांनी पाठवलेल्या फोटोत गाडीचा नंबर आणि चूक दिसावी लागत असे.

पार्किंगची खरी कारणं शोधायची असतील तर बाजारातल्या इमारतींच्या तळमजल्यांकडे बघा. आराखड्यात जिथे पार्किंग दाखवलं तिथे आज दुकानं आणि गोदामं आहेत. नगरपालिकेला यावर प्रश्न विचारा, प्रभागाच्या नगरसेवकाला नावानिशी विचारा. तसा मजकूर कोणी लिहिला तर मी तो पंचवीस ग्रुपांवर टाकीन.