अंगठी टिकते, मठ्ठा पचतो

रविवारी फडके रोडच्या कट्ट्यावर विषय एकच होता, मागच्या गल्लीतला साखरपुडा. कुणी मोडला, का मोडला, यावर कुणी बोललं नाही (ते आधीच सगळ्यांना ठाऊक होतं). घोडं अडलं होतं अंगठीवर. मुलाकडच्यांचा निरोप आलाय, परत द्या.

"द्यायलाच हवी," विन्या म्हणाला. बँकेतून निवृत्त झाला तरी हा माणूस अजून काउंटरच्या पलीकडूनच बोलतो. "व्यवहार पूर्ण झाला नाही की अनामत परत."

"मुलगी म्हणजे काय गॅसचा सिलेंडर आहे का रे, अनामत ठेवायला?" नीलू म्हणाली. साखरपुड्याचं जेवण तिच्याच पोळीभाजी केंद्रातून गेलं होतं, त्यामुळे या प्रकरणात खरी जाणकार तीच.

दिघे वकील केव्हाचे घसा खाकरत होते. "मॅसेच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये..."

"झालं, दिघे अमेरिकेला गेले," बंड्या म्हणाला.

"ऐका तर! टिफनीची अंगठी, ७०,००० डॉलरची. तिथे १९५९ पासून नियम असा, की लग्न मोडण्यात देणाऱ्याचा दोष नसेल तरच त्याला अंगठी परत. याने तिच्यावर उगाच संशय घेतला म्हणून खालच्या कोर्टाने अंगठी तिला दिली. वरचं कोर्ट म्हणालं, दोष कुणाचा ते आम्ही बघत बसणार नाही. लग्न नाही, तर अंगठी ज्याची त्याला."

विन्याने मांडीवर थाप मारली.

"पण त्याच खालच्या कोर्टाने तिच्या दातांच्या उपचाराचे राहिलेले पैसेही त्याला भरायला लावले होते. कबूल केले होते ना त्याने."

"नशीब, दात परत मागितले नाहीत," बंड्या.

"आणि इंग्लंडमध्ये उलट. १९७० च्या कायद्यात अंगठी ही भेटच धरलीय. लग्न झालं नाही तर परत द्यायची असं ठरलं होतं, हे देणाऱ्याने सिद्ध करायचं."

"आपल्याकडे?"

"आपल्याकडे अंगठीसाठी असा वेगळा कायदा नाही. आता १८७२ चा करार कायदा बघितला तर..."

"म्हणजे आपल्याकडे मुलीचा मामा," बंड्याने निकाल दिला.

नीलूने चहाचा ग्लास खाली ठेवला. "दोष बघायचा नाही हे मला पटतं. नाहीतर पोरीचं चारित्र्य असंच कट्ट्यावर चघळलं जाणार. पण मग दोन्हीकडचं बघा ना. साखरपुडा केला मुलीकडच्यांनी. दीडशे पानं, मसालेभात, जिलबी, मठ्ठा, बिल मीच केलंय. वर हॉल, वरमाईची पैठणी, जावयाचा सूट. यातलं काय परत येणार? मठ्ठा?"

"खाल्लेलं कसं परत देणार?" विन्या चक्क गंभीर होता.

"मग मुलाकडच्यांनी दिलेलं टिकतं आणि मुलीकडच्यांनी दिलेलं पचतं, एवढ्यावर न्याय करायचा?"

यावर विन्याला काही सुचलं नाही. दिघ्यांनी हे वाक्य मनात टिपून घेतलं असावं, पुढच्या पक्षकाराला ऐकवतील.

"बरं, तोळा लाखावर गेलाय," बंड्या म्हणाला. "अंगठी द्यायची, की घेतली तेव्हाच्या पावतीचे पैसे?"

"अंगठीच!" विन्या म्हणाला.

"आणि भाव पडला असता तर?"

"मग... पावतीप्रमाणे."

"बघा! माझ्या लग्नात याने दिलेल्या घड्याळामागे दुसऱ्याच जोडप्याची नावं होती. हा सांगणार नीतिमत्ता!"

"ते घड्याळ चालतंय ना अजून?"

"नावांसकट!"

हसणं थांबेपर्यंत नीलू विन्याच्या हाताकडे बघत राहिली. "विन्या, तुझ्या बोटातली ही अंगठी रे कुणाची?"

विन्याने हात खिशात घातला, तिथेच फसला. पेणच्या मुलीशी त्याचा साखरपुडा होऊन मोडला होता, हे कट्ट्यावरच्या जुन्या मंडळींना माहीत होतं. त्यांची अंगठी याच्या बोटात आहे, हे मात्र मलाही नवीन.

"तू घातलेली अंगठी परत आणलीस?"

"आईने आणली."

"आणि त्यांची?"

"त्यांनी मागितली नाही गं! नंतर बोट जाड झालं, निघेचना."

"वहिनींना काय सांगितलंयस?"

"आजोबांची आहे म्हणून."

बंड्या तोवर चहावाल्याकडून भांड्यांचा साबण घेऊन आला. दिघ्यांनी मनगट धरलं, बंड्याने बोट. अंगठी हाडापर्यंत सरकली आणि तिथेच रुतली. विन्या ओरडला, तसे पलीकडच्या बाकावरचे लोकही उठून बघायला आले. "ताबा कायम!" दिघ्यांनी जाहीर केलं.

"थांबा, वहिनींनाच विचारू, घरी काय लावतात ते," म्हणत बंड्याने फोन काढला. विन्याने फेसाळल्या हातानेच पाकीट उघडलं आणि सगळ्यांच्या कटिंगचे पैसे दिले. मागच्या उधारीसकट.