चार वर्षांच्या मुलीला ‘दोषी’ ठरवलंच कुणी?

सोसायट्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. आशय असा, की अमेरिकेत चार वर्षांच्या मुलीने सायकलने एका आजींना धडक दिली आणि कोर्टाने तिला दोषी ठरवलं. तिथे कायदा लहान-मोठं बघत नाही, आपल्याकडे मात्र पोरांना सगळं माफ. म्हणून आपल्याकडेही अपघात करणाऱ्या मुलावर थेट केस व्हावी, म्हणजे जखमी माणसाला पैसे मिळतील आणि मुलांना धाक बसेल.

पार्किंगमध्ये सायकली चुकवत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची भीती खरी आहे. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुन्हा पूर्वीसारखं चालता येईलच याची खात्री नसते. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्यातली मागणी मुलांच्याच मुळावर येणारी आहे.

‘दोषी ठरवलं’ इथून सुरुवात करू. घटना घडली होती, एप्रिल २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात. दोन लहान मुलं फुटपाथवर सायकलींची शर्यत लावत होती, दोघांच्याही आई सोबत होत्या. मुलीच्या सायकलीला मागे आधाराची छोटी चाकं होती. ८७ वर्षांच्या एका बाईंना धडक बसली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्या वारल्या. त्यांच्या वतीने भरपाईचा दावा झाला तो मुलांवरही आणि त्यांच्या आईंवरही. मुलीच्या वकिलांनी अर्ज दिला की ती फार लहान आहे, तिच्यावरचा दावा काढून टाका. १ ऑक्टोबर २०१० रोजी न्यायमूर्ती पॉल वूटन यांनी तो अर्ज फेटाळला. या आदेशाचा अर्थ एवढाच की केवळ वयाच्या कारणावरून दावा आत्ताच रद्द होणार नाही. मुलीची चूक होती की नव्हती, हे त्यात ठरलेलं नाही. शिवाय हा दिवाणी दावा होता, गुन्ह्याचा खटला नव्हे. त्यात शिक्षेचा प्रश्नच येत नाही.

आता ‘लहान-मोठं बघत नाही’. हा सगळा वाद मुळात वयावरच झाला. चार वर्षांखालचं मूल निष्काळजी असूच शकत नाही, असं न्यूयॉर्कची न्यायालयं मानतात. ही मुलगी पाच वर्षांची व्हायला तीन महिने कमी होती, म्हणून ती त्या रेषेच्या पलीकडे पडली. त्यानंतरही तिची तुलना मोठ्या माणसाशी करायची नसते. त्याच वयाचं, तेवढ्याच समजेचं आणि अनुभवाचं मूल कसं वागलं असतं, हे पाहायचं असतं. इलिनॉय आणि पेनसिल्वेनियात तर ही रेषा सात वर्षांवर आहे, आणि सात ते चौदा या वयातही मुलाला समज नव्हती असं धरूनच सुरुवात होते. जर्मनीतही सात वर्षांखाली जबाबदारी नाही. वाहनांशी संबंधित अपघातात तर मुलाने मुद्दाम काही केलं नसेल तर २००२ पासून तिथे ही मर्यादा दहा वर्षांची आहे, कारण गाडी किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याआधी मुलांना नीट येत नाही. माझ्या मते न्यूयॉर्कची चार वर्षांची रेषा फारच खाली आहे. जर्मनांनी मूल कसं असतं हे पाहून कायदा केला.

‘आपल्याकडे सगळं माफ’ हेही खरं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मात्र कलम २१ प्रमाणे मुलाला समज कितपत होती हे तपासलं जातं. दिवाणी दावा तर अल्पवयीन मुलावरही करता येतो, न्यायालय त्याच्या वतीने पालक नेमतं. लोक इथे पुण्यातल्या कल्याणीनगरची पोर्श गाडी आणि जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या त्या तीनशे शब्दांच्या निबंधाचं प्रकरण मध्ये आणतात. मे २०२४ मधला तो संताप रास्तच होता. पण तिथे सतरा वर्षांचा मुलगा मोटार चालवत होता. अशा प्रकरणांसाठी मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आहे. त्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. आधाराच्या चाकांवरची चार वर्षांची पोर त्या रांगेत बसत नाही.

‘जखमी माणसाला पैसे मिळतील’ हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रश्न खरा आहे. पण चार वर्षांच्या मुलाकडे पैसे असतात कुठे? अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एका मावशीने भाच्यावर लावलेला दावा २०१५ साली, तो बारा वर्षांचा असताना, कोर्टात चालला. आठव्या वाढदिवसाला तो आनंदाने तिच्या अंगावर झेपावला आणि तिचं मनगट मोडलं होतं. जगभर त्या बाईला नावं ठेवली गेली. पैसा द्यायचा होता घराच्या विमा कंपनीने, पण त्यासाठी दाव्यात नाव मुलाचं घालावं लागलं. ज्यूरीने थोड्याच वेळात दावा फेटाळला. फ्रान्समध्ये १९९७ पासून सोबत राहणाऱ्या मुलाने केलेल्या नुकसानीला आईवडील स्वतःची चूक नसली तरी जबाबदार असतात, आणि तो बोजा कुटुंबाचा विमा उचलतो. आपल्याकडेही आईवडिलांनी लक्ष ठेवण्यात हयगय केली असेल, तर त्यांच्या स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते. मुलाला मध्ये ओढण्याची गरजच नाही.

आणि मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ही बाजू पाहिलेलीच नसते. मूल निष्काळजी ठरू शकतं म्हटलं की ते दोन्हीकडून लागू होतं. रस्त्यावर मुलाने कुणाला जखमी करण्यापेक्षा मुलालाच गाडी उडवते, हे कितीतरी जास्त घडतं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालकाच्या किंवा विमा कंपनीच्या लेखी जबाबात ‘मूल अचानक रस्त्यात आडवं आलं’ हे वाक्य सर्रास असतं. मुलाचीही चूक धरली, की भरपाईतून तेवढा वाटा कापायचा. पाच वर्षांच्या मुलाला रस्त्याचं भान असावं, असं एकदा मान्य केलं तर कापलेले पैसे त्या मुलाच्याच औषधपाण्याचे असतील. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी म्हटलं होतं की अगदी लहान मुलाच्या माथी अशी चूक मारता येत नाही. ते मुलांचे लाड म्हणून नव्हतं, गाडी चालवणाऱ्याला मुलाच्या आड लपता येऊ नये म्हणून होतं.

राहिला धाक. नोटीस आली तरी चार वर्षांच्या मुलीला ती वाचता येणार नाही. वाचतील ते आईवडील, आणि धाक बसायला हवा तो त्यांनाच. सोसायटीच्या सभेत मागायचंच असेल तर संध्याकाळी दोन तास पार्किंगचा एक पट्टा गाड्या हलवून सायकलींसाठी मोकळा मागा, ज्येष्ठांची चालायची वाट त्यापासून वेगळी आखा, आणि तेवढा वेळ मुलांसोबत घरचं एक मोठं माणूस असेल असा ठराव करून घ्या.