बेल दाबली, लेव्हल वाढली

काल आईच्या वृद्धाश्रमातून ईमेल आला. 'आपल्या मातोश्रींच्या वाढत्या गरजा लक्षात घेऊन त्यांची केअर लेव्हल दोनवरून तीन करण्यात येत आहे.' म्हणजे बिलात सणसणीत वाढ. गरजा वाढल्या कशावरून? तर म्हणे आई बेल फार वेळा दाबते. अहो, पहिल्यांदा दाबल्यावर काळं कुत्रं फिरकत नाही म्हणून दाबते! बाथरूमला जायचं असतं, कोणी येत नाही, पुन्हा दाबते, पुन्हा दाबते, शेवटी व्हायचं ते होतं. मग चादर बदलायला माणूस लागतो, त्याचेही पॉइंट, ज्यांवर लेव्हल ठरते, तिच्याच नावावर. बेल किती वेळा वाजली याचा हिशोब चोख. कोण किती वेळानं आलं, ते विचारलं की 'सिस्टिममध्ये दिसत नाही'. मूल्यमापनाला आलेली बाई टॅबलेटवर उभ्या उभ्या टिकमार्क करून गेली. आईचं श्रवणयंत्र तेव्हा ड्रॉवरमध्ये, बॅटरी संपलेली. आईला प्रश्नच ऐकू आले नाहीत, उत्तर काय देणार? लगेच 'आकलनक्षमता कमी'. आणखी पॉइंट! लेव्हल तीनमध्ये जास्तीचं काय मिळणार, विचारलं. 'अधिक लक्ष.' देणार कोण? रात्री अख्ख्या मजल्याला तीच एक मुलगी.

त्या मुलीवर राग नाही, बरं का. तीही एजन्सीची, राबून राबून मेटाकुटीला आलेली. आईची डावी बाजू अधू आहे हे तिला कळेस्तोवर तिची बदली होते आणि नवीन येणारी नेमका तोच खांदा धरून उचलते. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं चार्टवर आहे. चार्ट अगदी टापटीप. बारा, दोन, चार, सहा, एकाच पेनानं एकाच दमात भरलेला. माकडहाडाशी लाल चट्टा उठलाय, बोटानं दाबला तरी पांढरा होत नाही, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. चट्ट्यानं बहुधा चार्ट वाचला नसावा.

आणि तो चष्मा! अ‍ॅपवर फोटो येतो, 'आज आम्ही खूप मजा केली', त्यात आईच्या नाकावर भलत्याचाच चष्मा. कवळीचं तर सांगतच नाही.

दर वेळी मी वाघासारखा निघतो. गाडीत भाषण पाठ करतो, आरशात बघून भुवया चढवून पाहतो. रिसेप्शनला पोचलो की, 'नमस्कार, जरा वेळ होता का मॅडम?' शेळी! कारण आईनं एकदाच सांगितलंय, "तू ओरडून निघून जातोस. मला इथंच राहायचंय." यावर कुठला वाघ डरकाळी फोडणार? मग मी घरी येऊन कीबोर्ड बडवतो.

वर रडगाणं काय, तर 'खर्च वाढलेत, आम्ही तोट्यात आहोत'. तोट्यात कसे नसाल? या धंद्यात इमारत विकायची आणि तीच भाड्यानं घ्यायची, ही चाल जुनीच. कधीकधी तर घरमालकही त्याच मालकाची दुसरी कंपनी. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकायचं आणि पहिला खिसा उलटा करून आम्हाला दाखवायचा. ब्रिटनमधली वृद्धाश्रम चालवणारी कंपनी सदर्न क्रॉस असल्याच भाड्याच्या ओझ्याखाली 2011 मध्ये कोसळली, तेव्हा सुमारे 31 हजार म्हातारी माणसं टांगणीला लागली होती. फ्रान्सच्या ऑर्पिआ या वृद्धाश्रम कंपनीवर 2022 मध्ये डायपरसुद्धा मोजूनमापून दिल्याचे आरोप झाले. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, आणि काटकसर कुठं, तर डायपरमध्ये!

पुढच्या आठवड्यात नातेवाइकांची सभा आहे. विषयपत्रिका आली. विषय पहिला, कंपनीचा नवा लोगो. दुसरा, बागेतल्या बाकांचा रंग. रात्रीच्या मनुष्यबळाचा मुद्दा मी लेखी पाठवला होता. तो 'आयत्या वेळच्या विषयां'त गेलाय, 'वेळ उरल्यास' अशी टीप जोडून.