प्रार्थनेने सुरू होणारा प्रत्येक गट सुरक्षित नसतो

ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरतो आहे. नैराश्याने किंवा भीतीच्या झटक्यांनी बेजार झालेल्या विश्वासणाऱ्याने आधारगट कसा निवडावा, हे त्यात सांगितले आहे. त्याचे म्हणणे असे: प्रार्थनेने सुरू होणारा गट सुरक्षित, गोळ्या घेणे हा अविश्वास, गटात सारे काही कबूल करावे आणि चर्चबाहेरच्यांच्या गटात पाऊल टाकू नये. हेतू चांगला असेलही, पण हा सल्ला पाळून कुणाचा जीव धोक्यात येऊ शकतो.

आधी गोळ्यांचे. मनःस्थितीचे चढउतार आवरणारे लिथियमसारखे औषध कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद केले, तर आजार उलटू शकतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, वैद्याचे वावडे नाही. प्रेषित पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने झोपू दिले, भाकर-पाणी दिले, त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. आपल्या मिरजेचे मिशन हॉस्पिटल काय, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) काय, विश्वासातूनच उभी राहिली. वेल्लोरला तर मनोविकारांवर वेगळा विभाग आहे. जो गट डॉक्टरांची औषधे सोडायला सांगतो, तो त्याच दिवशी सोडावा.

‘सारे कबूल करा’ याला बायबलमधल्या याकोब 5:16 चा आधार दिला जातो. पण ते वचन पापांच्या कबुलीचे आहे. नैराश्य किंवा लहानपणी सोसलेला अत्याचार हे त्या माणसाचे पाप नव्हे. आणि लहान मंडळीत, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, काय होते, हे आपण सगळे जाणतो. गटात सांगितलेली गोष्ट रविवारपर्यंत ‘प्रार्थनाविनंती’ होऊन घरोघरी पोचते, मग एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 23 आरोग्यसेवा देणाऱ्यांवर गोपनीयता बंधनकारक करते. घरात जमणारा गट त्यात येत नाही. कॅथलिक पापनिवेदनाची मोहर, म्हणजे कबुली गुप्त ठेवण्याचे धर्मगुरूवरचे बंधन, तीही या गटाला लागू नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारावे: इथले बोलणे बाहेर गेले तर काय कारवाई होते? पाळकांना कळवता का? नुसते ऐकत बसले तर चालेल का? चांगला गटप्रमुख या प्रश्नांनी दुखावत नाही.

सुरुवातीची प्रार्थना मनाला धीर देते, मलाही ती हवीच असते. पण ती गटप्रमुखाच्या प्रशिक्षणाची हमी नव्हे.

बाहेरच्या गटाची भीतीही अनाठायी आहे. तिथे कुणी तुमच्या श्रद्धेची टिंगल केली, तर जरूर उठून यावे. तसे नसेल, तर एका गटात उपचारांबद्दल बोलावे आणि मंडळीत प्रार्थना करावी, यात विरोध कसला?

मात्र जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये, गट कितीही चांगला असो. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही आणि मोफत आहे. जीव तत्काळ धोक्यात असेल, तर 112 ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे आणि विश्वासातल्या एकाला सोबत घ्यावे.