चिठोऱ्यांचे ग्रंथालय

राजकीय विचारांचा इतिहास आपण बहुधा गाजलेल्या ग्रंथांतून वाचतो, आणि ग्रंथात विचार अंघोळ करून, भांग पाडून बसलेला असतो. तो घडताना कसा होता हे पाहायचे, तर आम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेसारखे ग्रंथालय लागते. ‘कम्युनिस्ट जाहीरनाम्या’च्या मार्क्सच्या हस्तलिखिताचे उरलेले एकमेव पान तिथे आहे. दाटीवाटीचे अक्षर, भरपूर खाडाखोड, आणि वरच्या दोन ओळी मात्र त्याची पत्नी जेनी हिच्या हातच्या. हा दुसरा हात छापील पुस्तिकेत दिसण्याची सोयच नाही.

तरीही मला त्या पानापेक्षा माक्स नेटलाऊचा संग्रह मोलाचा वाटतो. अराज्यवादाचा, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या विचाराचा, हा इतिहासकार पत्रके, चार अंकांत बंद पडलेली नियतकालिके, कार्यकर्त्यांची पत्रे असे सगळे आयुष्यभर साठवत राहिला, पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत वडिलोपार्जित पैसा बुडाला तरीही. १९३५ मध्ये ही संस्था स्थापन झाली आणि तिने तो संग्रह विकत घेतला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, त्या सुमारास संस्थेच्या ग्रंथपाल आनी आडामा फान स्खेल्टेमा यांनी व्हिएन्नात जाऊन त्या संग्रहातली रशियन अराज्यवादी बाकुनिनची हस्तलिखिते बाहेर काढली. ग्रंथपालाचे काम पुस्तकांवर शिक्के मारण्याचे असते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. कोणता विचार टिकणार हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि अशा ग्रंथालयाने ते ठरवण्याच्या फंदात पडूही नये. पराभूतांचे चिठोरेही तितक्याच निगुतीने नोंदवले जायला हवे.

आता सगळे स्कॅन झाले, मग एवढा पसारा आणि एवढी माणसे कशाला, असा प्रश्न हल्ली फार शहाजोगपणे विचारला जातो. मार्क्सची कागदपत्रे संस्थेने खरोखरच सर्वांसाठी इंटरनेटवर खुली केली आहेत; कोणीही घरबसल्या उघडून पाहावीत. पहिल्या पाच मिनिटांत अडखळायला होईल. अक्षर वाईट म्हणून आपल्याला रेल्वेत नोकरी मिळाली नाही, असे खुद्द मार्क्सनेच १८६२ मध्ये एका पत्रात लिहिले आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र आणि सहलेखक एंगेल्सला चिंता पडली होती ती हीच, की आपल्या मागे हे वाचणार कोण. म्हणून त्याने काउट्स्की आणि बर्नस्टाइन या तरुण समाजवाद्यांना समोर बसवून ते अक्षर लावायला शिकवायचे ठरवले.